कंगवेवाले सरांची भेंडाची गोळी

सरांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता, आणि सदऱ्याच्या खिशात मात्र कायम कंगवा. पेन विसरतील, चष्मा विसरतील, एकदा तर घरी जायचं सोडून सवयीनं पुन्हा शाळेतच आले होते, पण कंगवा कधी विसरले नाहीत. थंडीच्या दिवसांत एसटीत असोत, पोस्टाच्या रांगेत असोत, नाहीतर कुणाच्या लग्नात पंगतीला बसलेले असोत, ते कंगवा काढायचे, गळ्यातल्या लोकरी मफलरीवर चार-सहा वेळा खसाखसा घासायचे आणि समोर जे काही हलकं दिसेल त्याच्यावर धरायचे. तिकिटाचा कपटा, कांद्याचा पापुद्रा, उदबत्तीच्या पुड्याचा चमचमता कागद, काहीही. टकला माणूस कंगवा काढतो म्हणून आधी हसणारे लोक कपटा टुणकन उडून कंगव्याला चिकटला की गप्प व्हायचे, आणि मग हमखास कुणीतरी विचारायचंच की हे कसं काय हो? सर त्याचीच वाट बघत असायचे. शेजारच्या माणसाचं उतरायचं ठिकाण मागे पडलं तरी त्यांचं उत्तर संपत नसे.

आम्ही त्यांना कंगवेवाले सर म्हणायचो, आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. नाशिकच्या एका अध्यापक विद्यालयात ते आम्हाला विज्ञान शिकवायचे. म्हणजे पोरांना विज्ञान कसं शिकवायचं, ते शिकवायचे. सत्तरचं दशक सरत आलं होतं. वर्गात आम्ही तीस मुली, सगळ्या उद्याच्या मास्तरणी. मी तांबट आळीतली. आमच्या घरात सकाळपासून हंडे-घागरी ठोकायचं काम. ठोक्यांच्या वर आवाज काढल्याशिवाय कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जात नाही, त्यामुळे आमचं अख्खं घर ओरडूनच बोलतं. पहिल्या दिवशी मी 'हजर' म्हणाले तेव्हा शेजारची शालिनी दचकून माझ्याकडे बघायला लागली. सर म्हणाले, ही बाई शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाणार, बाकीच्यांनी शिकून घ्या. ते आम्हा सगळ्यांना बाई म्हणत आणि अहो-जाहो करत. उद्या पोरं 'बाई' म्हणून हाक मारतील तेव्हा ही कुणाला मारली म्हणून मागे वळून बघू नका, असं त्यांचं म्हणणं. दोन वेण्या घातलेल्या आम्ही पोरी, आणि हा पन्नाशीकडे झुकलेला माणूस आम्हाला 'अहो सुमनबाई' म्हणतोय, याचं आम्हाला पहिले सहा महिने हसूच यायचं.

त्यांचा खरा जीव विजेच्या दोन प्रभारांत. शाळेच्या पुस्तकात तो धडा जेमतेम अडीच पानांचा. काचेचा दांडा रेशमावर घासला की त्याच्यावर धन प्रभार येतो, एबोनाइटचा काळा दांडा लोकरीवर घासला की ऋण प्रभार येतो. सारखे प्रभार एकमेकांना लोटतात, वेगळे ओढतात. झालं. बाकीचे शिक्षक एका तासात उरकायचे, सर पंधरा दिवस घ्यायचे. साहित्य म्हणाल तर एक लाकडी स्टँड, त्याला रेशमाचा दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला भेंडाची गोळी. भेंड म्हणजे बाशिंगं ज्याची करतात तो पांढरा, हातात घेतला तर घेतलाय की नाही हे कळू नये इतका हलका गाभा. भद्रकालीतल्या एका बाशिंगवाल्याकडून सर तो आणायचे आणि ब्लेडनं तासून बोराएवढ्या गोळ्या करायचे. त्या बाशिंगवाल्यालाही त्यांनी धन-ऋण समजावून सोडलं होतं. ऐन लग्नसराईत गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना तो भला माणूस सरांसाठी कोरडे तुकडे निवडत बसायचा, आणि मागच्या गोळ्या नीट पळाल्या का म्हणून चौकशी करायचा.

एकदा मी उत्साहाच्या भरात उत्तर दिलं की ऋण म्हणजे वजा, म्हणजे धनापेक्षा कमी. सर चिडत नसत. त्या दिवशीही चिडले नाहीत, पण त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. दोन गोळ्या शेजारीशेजारी टांगल्या, दोन्हींना घासलेली काच लावली. गोळ्या एकमेकींपासून दूर सरकल्या आणि तशाच तिरप्या उभ्या राहिल्या. मला पट्टी देऊन मधलं अंतर मोजायला लावलं. मग दोन्ही गोळ्या बोटांत धरून होत्या तशा केल्या आणि त्यांना घासलेलं एबोनाइट लावलं. पुन्हा तशाच दूर, अंतरही जवळजवळ तेवढंच. "ऋण कमी असतं तर कमी पळाल्या असत्या. पळाल्या का?" मी नाही म्हणाले. फार वर्षांपूर्वी कुणीतरी एकाला धन म्हटलं आणि दुसऱ्याला ऋण, उलटं म्हटलं असतं तरी काही बिघडलं नसतं, असं ते सांगत होते. मग माझ्याकडे वळून एकदम हळू आवाजात म्हणाले, "वरचा आणि खालचा असं त्यात काही नाही, सुमनबाई. दोन आहेत, एवढंच."

दुसरी एक गोष्ट त्यांना अजिबात खपत नसे. प्रभार समजावताना कुणी माणसांची उदाहरणं दिली की त्यांचं डोकं फिरायचं. शालिनीनं तिच्या सरावपाठात पोरांना सांगितलं की धन आणि ऋण म्हणजे नवरा-बायकोसारखे, एकमेकांकडे ओढले जातात. मागे बसलेल्या सरांनी पाठ संपेपर्यंत कळ काढली आणि नंतर तिला शांतपणे विचारलं की तुमच्या घरी दिवसभर तसंच चालतं का हो? आम्ही हसून हसून बाकावर पडलो. शालिनी रडवेली झाली, तेव्हा त्यांनीच तिला चहा पाजला. पण मुद्दा सोडला नाही. माणसांचं माणसांपाशी राहू द्या, गोळीला गोळी राहू द्या. पोरांना गोळी दिसत असताना त्यांना नवरा-बायको कशाला दाखवता, असं त्यांनी तिला चहाच्या कपासकट ऐकवलं.

आणि प्रयोगवह्या! त्यांच्याबद्दल तर एक वेगळं पुराण होईल. वरच्या वर्गातल्या ताईची वही मिळवायची आणि निरीक्षणासकट उतरवून काढायची, ही आमच्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. सरांनी ती मोडायचं ठरवलं. जुलै महिन्यात, भिंतींना ओल आलेली, खडू फळ्यावर उमटत नाही असा दिवस त्यांनी मुद्दाम निवडला आणि आम्हाला प्रयोग करायला बसवलं. दमट हवेत दांड्यावर प्रभार टिकतच नाही. आम्ही हात दुखेपर्यंत दांडे घासले, गोळी ढिम्म. दुसऱ्या दिवशी वह्या आल्या, तर तीसपैकी अकराजणींच्या गोळ्या पळालेल्या! सरांनी रागावणं-बिगावणं काही केलं नाही. त्या अकरा वह्या वाचून दाखवल्या आणि तुमच्या गोळ्या पळाल्या त्या मलाही दाखवा, मी पावसाळ्यात कधी पाहिल्या नाहीत, असं हात जोडून म्हणाले. खोटं कशाला बोलू, अकरांत मी होते. तेव्हापासून आमच्या वह्यांत 'काही झाले नाही' अशी निरीक्षणं दिसायला लागली, आणि सर त्यांच्यापुढे बरोबरची खूण करायला लागले.

हा माणूस 'पाहिलंत का, पाहिलंत का' म्हणून एवढा मागे का लागतो, ते मला त्यांच्या बायकोकडून कळलं. नाशिकरोडकडच्या एका वसाहतीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकं आणि पुस्तकांवर वाळत घातलेले भेंडाचे तुकडे. एका रविवारी आम्ही तिघी-चौघी गेलो होतो. सर दूध आणायला बाहेर पडले होते. काकूंनी आमच्यासमोर शेंगा ठेवल्या आणि बोलता बोलता सांगितलं की नामपूरकडच्या ज्या खेड्यात सर शिकले, तिथं त्यांना वर्गात बसू देत नव्हते. दाराबाहेर पोतं टाकून बसायचं. आत गुरुजींनी एकदा लोहचुंबक आणलं होतं. आतली सगळी पोरं 'अरे!' म्हणून ओरडली, आणि हे बाहेर. आत काय झालं ते कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनी उठून डोकावलं म्हणून मार खाल्ला. चुंबक त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ते एकदम मॅट्रिकला गेल्यावर. काकूंनी हे शेंगा सोलता सोलता सांगितलं आणि सर आल्यावर विषय बदलला. आम्ही कुणीच त्यांच्याशी त्याबद्दल कधी बोललो नाही. मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल जे वाटलं ते आदर या शब्दात मावणारं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी खवट शेंग निघाली म्हणून खोटंच सांगितलं.

आता माझ्या अंतिम पाठाकडे येते. डी.एड.च्या शेवटी प्रत्येकीनं खऱ्या वर्गात, खऱ्या पोरांसमोर एक पाठ द्यायचा असतो. बाहेरगावचे परीक्षक मागे बसून गुण देतात, शेजारी आपले सर बसतात, पण त्यांनी मधे अवाक्षर बोलायचं नाही असा नियम. त्या पाठात गेलात की वर्ष गेलं. आणि माझं वर्ष जाऊन चालणारच नव्हतं. वडिलांनी मला शिकू दिलं होतं ते आमच्या काकांशी भांडून, आणि एकच अट घालून. पास झाले तर नोकरी, नापास झाले तर चांदवडचं एक स्थळ काकांनी बघून ठेवलेलंच होतं. मुलाचं किराणा दुकान, सासूला बाहेर नोकरी करणारी सून नको. वडील शब्दाचे पक्के. नापास झाल्यावर पुन्हा एक वर्ष देण्याची गोष्टच काढायची नाही, हे त्यांनी मला आणि काकांना समोरासमोर बसवून सांगितलं होतं.

मी विषय घेतला अर्थातच धन आणि ऋण प्रभार. फेब्रुवारीतली कोरडी खणखणीत हवा, गोळी नुसत्या नजरेनं पळावी अशी. पाठाला 'साहित्य स्वच्छ व आकर्षक' असेल तर वेगळे गुण असत, म्हणून आदल्या दिवशी मी सगळं साहित्य घरी आणलं. काचेच्या दांड्यावर वर्षानुवर्षांचे शाईचे आणि लाखेचे डाग होते. पाण्यानं निघेनात, राखेनं निघेनात. आता तांबटाच्या घरात डाग निघत नाही म्हणजे काय! वडिलांच्या खोक्यातला पॉलिश पेपर घेतला आणि दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत असा घासला, जसा आम्ही नव्या घागरीचा काठ घासतो. डाग गेले. काच थोडी पांढुरकी, धुरकट दिसायला लागली, पण स्वच्छ झाली. मी खूश. गुंडाळी फळ्यावर सुंदर अक्षरात निष्कर्ष आधीच लिहून ठेवले: काचेवर धन प्रभार, एबोनाइटवर ऋण प्रभार, वेगळे प्रभार एकमेकांना ओढतात. पाठ संपताना दोरी सोडायची, फळा उलगडायचा, पोरांनी उतरवून घ्यायचं. अशीच पद्धत होती.

पाठ सुरुवातीला झकास रंगला. एबोनाइट लोकरीवर घासलं, गोळीला टेकवलं, गोळी पळाली. चाळीस पोरं पुढे झुकली. आता काच. रेशमाचा तुकडा शेजारच्या वर्गात शालिनीच्या पाठाला गेला होता, पण त्याची मला काळजी नव्हती. काच लोकरीवर घासली तरी चालते हे सरांनी आम्हाला करून दाखवलं होतं. लोकरीचा दुसरा कोरा तुकडा घेतला, काच घासली, गोळीजवळ नेली. गोळीनं काचेकडे धावत यायला हवं होतं. ती पळाली.

मी पुन्हा घासली, पुन्हा पळाली. गोळी हातात धरून पहिल्यापासून सगळं केलं, तिसऱ्यांदा पळाली. पुढच्या बाकावरची एक चिमुरडी अगदी निरागसपणे म्हणाली, बाई, मग काचेचा प्रभार काळ्या दांड्यासारखाच आहे का? बरोबर विचारत होती ती! तिनं पाहिलं त्यावरून दुसरा काही अर्थच निघत नव्हता. मागून परीक्षकांनी घड्याळ पाहिलं आणि ते, तसे सहृदयपणेच, म्हणाले, "बाई, वेळ होत आली. फळा उलगडा आणि निष्कर्ष लिहून द्या."

मला वाट दाखवत होते ते. दोरी सोडायची, पोरं मुकाट्यानं उतरवणार, पाठ पास. पोरं काय, फळ्यावर असेल ते खरं मानतात. मी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते. अशा वेळी हा माणूस बाहेर काय बघतोय, म्हणून मला त्यांचा भयंकर राग आला. मग मी त्या मुलीकडे पाहिलं, आणि काय झालं कोण जाणे, माझ्या हातून दोरी सुटेना. मी पोरांना म्हणाले, "पुस्तकात लिहिलंय की काचेवर वेगळा प्रभार येतो. आज आपल्याला तसं दिसलं नाही. असं का झालं ते मला माहीत नाही. तुम्ही वहीत आज पाहिलं तेच लिहा." फळा गुंडाळलेलाच राहिला. परीक्षकांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी बाहेर आले आणि जिन्याखाली उभी राहून मनसोक्त रडले. चांदवडचं किराणा दुकान माझ्या डोळ्यांपुढे दिसत होतं.

दोन दिवसांनी दुपारी सरांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. टेबलावर सगळं मांडलेलं होतं. त्यांनी आधी लोकरीवर संशय घेतला होता, म्हणून स्वतःच्या मफलरीचा तुकडा कापून घेतला. तरी तेच. मग गोळी बदलली, दोरा बदलला. तरी तेच. शेवटी कपाटातला दुसरा दांडा काढला, तर गोळी शहाण्यासारखी त्याच्याकडे धावली. दोन्ही दांडे त्यांनी माझ्यापुढे धरले आणि हा एक असा पांढुरका का दिसतो म्हणून विचारलं. मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी एका दमात सगळं सांगून टाकलं. डाग, वडिलांचं खोकं, पॉलिश पेपर, सगळं. मीच माझ्या पाठाचं वाटोळं केलं होतं, तेही गुण मिळावेत म्हणून.

मला वाटलं, आता बोलणी बसणार. सरांनी मला घरी पिटाळलं, तोच पॉलिश पेपर घेऊन या म्हणून. मी धापा टाकत परत आले. त्यांनी चांगला, गुळगुळीत दांडा घेतला आणि त्याचा फक्त अर्धा भाग पेपरनं खरवडला. मग गोळीला घासलेलं एबोनाइट टेकवलं आणि तो अख्खा दांडा मफलरीवर घासला. गुळगुळीत टोक जवळ नेलं, गोळी ओढली गेली. खरवडलेलं टोक जवळ नेलं, गोळी पळाली. एकच दांडा, एकच मफलर! सर खुर्चीवरून उठले. आनंद झाला की त्यांच्या तोंडी गावाकडची अहिराणी यायची. "जे शे ते शे!" म्हणजे जे आहे ते आहे, असं दोनदा म्हणाले आणि पुन्हा दांडा घासायला लागले. मग मला करायला लावलं. मग शिपाईमामांना बोलावून करायला लावलं. मग दांडा टेबलावर ठेवून ते म्हणाले की मी तेवीस वर्षं लोकांना सांगत आलो, काच म्हणजे धन. दांड्याचा पृष्ठभाग बदलून बघावा हे एकदाही सुचलं नाही.

तो अर्धामुर्धा दांडा आणि बाकीचं साहित्य वर्तमानपत्रात गुंडाळून ते तडक परीक्षक उतरले होते त्या लॉजवर गेले. परीक्षक वाईट माणूस नव्हते. त्यांनी स्वतःच्या हातानं तीनदा करून पाहिलं, आश्चर्य केलं, आणि सांगितलं की गुणांचे कागद सील होऊन कालच गेले, आता माझ्या हातात काही नाही. सरांनी आमच्या आळीत येऊन हे मला सांगितलं. वडिलांनी हातातली हातोडी खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं, आणि पत्रा खरवडला की त्याचा गुण बदलतो यात नवल ते काय, एवढंच म्हणाले. पण त्या संध्याकाळी त्यांनी काकांना निरोप पाठवला की निकाल लागेपर्यंत चांदवडला हो-नाही काही कळवू नका.

निकाल लागला. मी पास झाले, पण कशी, तर काठावर, वर्गात सर्वांत शेवटची. नेमणुका गुणांच्या क्रमानं व्हायच्या. शालिनी आणि बाकीच्या नाशकातल्या शाळांत लागल्या आणि मला देवळ्याच्या पुढे, एसटी दिवसातून दोनदा जाते अशा गावातली दोन खोल्यांची शाळा मिळाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा मी सरांना विचारलंच, की त्या दिवशी तुम्ही खिडकीबाहेर का बघत होतात? त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून ठरवलं असतं, तर तो पाठ माझा झाला असता. मला तो तुमचा व्हायला हवा होता." मग मला दोन डझन भेंडाच्या गोळ्या पेढ्यांच्या खोक्यात घालून दिल्या.

मी देवळ्याकडे दहा-अकरा वर्षं काढली. शिकवायला मला आवडायचं, पोरांना माझं शिकवणंही आवडायचं, पण मनात एक काटा राहून गेला. ते गुणपत्रक मी ट्रंकेच्या तळाशी ठेवलं होतं आणि कुणाला कधी दाखवलं नाही. शिक्षकांच्या बैठकीत आपापल्या अंतिम पाठाच्या गमती निघाल्या की मी उठून पाणी प्यायला जायची. मनातून मला पक्कं वाटायचं की आपण नापासच व्हायचो, कुणाच्या तरी दयेनं सुटलो. दिवाळीत नाशिकला गेले की सरांना भेटायची. ते पोरांच्या प्रश्नांविषयी विचारायचे, त्या पाठाचा विषय मी निघू द्यायची नाही आणि त्यांनीही कधी काढला नाही.

ते गेल्याचं पत्र शालिनीनं पाठवलं. झोपेतच गेले. मला अंत्यदर्शनाला पोहोचता आलं नाही. शोकसभेला मात्र मी रजा टाकून गेले. विद्यालयाचं सभागृह भरून गेलं होतं. बागलाणातून, चांदवडहून, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून त्यांचे विद्यार्थी आले होते, कित्येकजण माझ्या आधीच्या बॅचचे, केस पिकलेले, आता मुख्याध्यापक झालेले. नेहमीची भाषणं झाली. मग त्यांच्यातले नामपूरचे एक गुरुजी उठले. मला भाषण जमत नाही, असं म्हणून त्यांनी खिशातून एक पिवळं पडलेलं पोस्टकार्ड काढलं. मला आलेलं सरांचं शेवटचं पत्र आहे म्हणाले, आणि वाचायला लागले.

"स. न. वि. वि. काच घासली की तिच्यावर धन प्रभार येतो, असे मी तुम्हाला शिकवले होते. ते अपुरे आहे. काचेचा पृष्ठभाग खरवडून ती लोकरीवर घासली तर तिच्यावर ऋण प्रभार येतो. मी स्वतः पाहिले. हे मला माझी विद्यार्थिनी सुमन तांबट हिच्यामुळे कळले. परीक्षेत वर्ष जाण्याची भीती असतानाही तिने वर्गाला जे दिसले तेच सांगितले. मी तेवीस वर्षे न पाहता सांगत होतो. आपण करून पाहावे आणि आपल्या मुलांना सांगावे. चूक माझी होती, मुलांची समजूत दुरुस्त करण्याचे कष्ट मात्र तुम्हाला पडत आहेत, त्याबद्दल क्षमस्व."

मग मागच्या रांगेतून एकजण म्हणाले, मलाही आलं होतं हेच कार्ड. पलीकडून एक बाई म्हणाल्या, मलाही. सुरगाण्याच्या एका गुरुजींनी तर कार्ड शाळेच्या कपाटाला आतून चिकटवलं होतं. एकेक करत हात वर होत गेले. आमच्या आधीच्या ज्या ज्या विद्यार्थ्यांचे पत्ते मिळाले त्या सगळ्यांना, माझ्या पाठानंतरच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, सरांनी स्वतःच्या हातानं ते लिहिलं होतं. काकू पुढच्या खुर्चीवर पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. एवढी वर्षं मला कुणी सांगितलं नाही, आणि मी कुणाला विचारायचा तर प्रश्नच नव्हता.

नामपूरच्या गुरुजींनी कार्ड नीट घडी करून खिशात ठेवलं आणि सभेकडे बघून विचारलं, "ही सुमन तांबट कोन शे? आमले कोणले माहीत नही."

मी उभी राहिले, आणि तो पाठ पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला.